येळवसेचा उपास

सोलापूरहून निघालेली एसटी तामलवाडीला थांबली, तेव्हा माझ्या मांडीवर पत्र्याची भट्टी होती आणि पायांशी खायच्या सोड्याचा डबा. शेजारच्या आजी मघापासून भट्टीकडे संशयानं बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्यात काय हाय, बाई?"

"काही नाही. पाव भाजायचा डबा आहे."

"पाव! अन् निगालाव कुठं?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही, कारण त्या गावचे चेअरमनसाहेब अजून खुर्चीवर आहेत. तेरच्या थोडं अलीकडे आहे, एवढंच पुरे. नाव ऐकून कंडक्टर मागं वळला. "बाई, उद्या येळवस हाय. उद्या गावात कुत्रं बी न्हाय घावायचं तुमाला. पाव कुणाला चारणार?"

मी पुण्याची. येळवस म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. आजींनी समजावलं. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी ह्या मुलखात सगळं गाव कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोप (पेंढ्या उभ्या लावून केलेली झोपडी) घालतात, तिच्यात चुना लावलेले दगड मांडून पूजा करतात आणि दिवसभर जेवतात. "पण पीक तर नाही ना यंदा?" मी विचारलं. बाहेर तुळजापूरपर्यंत नुसती काळी, भेगाळलेली रानं दिसत होती. आजी म्हणाल्या, "पीक न्हाय म्हून काय जिमिनीला एकटं सोडायचं व्हय?"

आता मी ह्या भानगडीत कशी पडले ते सांगते. पुण्यात मी गृहशास्त्र शिकवते. दुष्काळाचं दुसरं वर्ष सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे एक समिती बसली. समितीतल्या एका बाईंकडे परदेशी मासिक होतं. त्यात ताज्या रानफळांचा मऊसूत पाव होता. ना यीस्ट, ना पीठ फुगायची वाट बघणं. ताक आणि सोडा घातला की तासाभरात पाव तयार. मराठवाड्यात रानफळ कोणतं, यावर दोन बैठका झाल्या आणि बोर ठरलं. पाऊस नसला तरी बोर येतं, मदतीचा मैदा आणि दूध पावडर गोदामात पडून आहे, म्हणजे बायकांना रोजगार मिळालाच, असा हिशेब समितीनं चहा पिता पिता मांडला. मग कोणी जायचं, हा प्रश्न आला. सगळ्यांच्या घरी तेव्हाच पाहुणे यायचे होते. माझ्याकडे तेव्हा कोणी येत नसे.

उस्मानाबादला (तिथले लोक धाराशिवच म्हणतात) गाडी बदलून मी गावात पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. स्टँडवर एक उंच, सडसडीत बाई उभी होती. तिनं "जयभीम, बाई" म्हटलं आणि मला विचारायच्या आत भट्टी डोक्यावर घेतली. ही कलावती. बौद्धवस्तीतली. महिला सहकारी मंडळाचं सगळं काम ती आणि तिच्या शेजारणी करत. मंडळाच्या अध्यक्षा मात्र चेअरमनसाहेबांच्या पत्नी कुसुमकाकू होत्या, कारण अध्यक्षांना हार घालावा लागतो आणि हार साहेबांच्या घरीच शोभतो.

चेअरमनसाहेब सोसायटीच्या ओट्यावर भेटले. सोबत विस्तार अधिकारी आणि मुख्याध्यापक होते. साहेबांचं धोतर इतकं पांढरं होतं की त्या पाणीटंचाईत मला त्याचीच काळजी वाटली. ओट्यामागे एक खोली होती. त्या खोलीवरच सगळं अडलं होतं. खोली मिळाली तर बायका तिथं भट्टी लावणार होत्या. नाही मिळाली तर पुन्हा दुष्काळी कामावर खडी फोडायची. कलावतीच्या हाताला मी हात लावला तेव्हा खडी म्हणजे काय ते मला कळलं.

"खोली द्यायला आमची ना न्हाई," साहेब म्हणाले. "पर सहकाराचं तत्त्व असं हाय बाई, की गावचा माल गावानं खाल्ला पायजे. उद्या दिवस मावळायच्या आत गावानं पाव खाल्लं तर खोली बायकांची. न्हाईतर आमची खताची पोती पावसात भिजत्याल."

"पावसात?" मी आभाळाकडे बघितलं.

"आला तर," विस्तार अधिकारी गंभीरपणे म्हणाले.

"पण उद्या तर येळवस. गावात कोणी नसेल."

"व्हय की!" साहेब कपाळावर हात मारून म्हणाले. "ध्यानातच न्हाई राह्यलं." वर्षातून एकदा येणारा हा सण त्या गावात जन्मलेला माणूस कसा विसरतो, हे मी विचारणार होते. कलावतीनं माझा पदर ओढला.

संध्याकाळी आम्ही तिच्या अंगणात बोरं फोडायला बसलो. पिवळी, आंबटगोड, लहान बोरं. आठोळी (बोरातली टणक बी) काढून गर वेगळा करायचा. मी चष्मा पुसून मोठ्या उत्साहात हात चालवले. कलावतीनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोर एक वेगळी वाटी आणून ठेवली. "तुमची ह्यात टाका, बाई." पाहुणीचा मान म्हणून वेगळी वाटी दिली असेल असं वाटून मी सुखावले.

"लोक खातील ना, कलावतीबाई?" मी विचारलं.

"पाव चांगला झाला तर खात्याल."

"चांगला होईलच."

"मग बी इचारावं लागंल," ती म्हणाली, "कुनाच्या हातचा हाय म्हून." बाकीच्या बायका बोरं फोडत राहिल्या. ओट्यावर मघाशी आरोग्य, गुणवत्ता, बाजारपेठ असं सगळं बोलून झालं होतं. ही एक गोष्ट तेवढी कोणी बोललं नव्हतं.

पहाटेच भट्टी पेटवली. खाली निखारे, वर झाकणावर निखारे, मध्ये दूध पावडरीच्या कापलेल्या डब्यांत मैदा, ताक, गूळ, तेल आणि बोरांचा गर. सोडा अगदी शेवटी. पहिला घाणा करपला. ते माझं मार्गदर्शन होतं. दुसऱ्यापासून कलावतीनं मला बाजूला बसवलं आणि पाव एकामागून एक फुगून वर आले. बोट लावलं की दबायचे आणि पुन्हा उठायचे. गुळाचा आणि बोराचा असा वास सुटला, की मला पुण्यातली समिती क्षणभर चांगली वाटली. एका पावावर कलावतीनं अख्खं बोर खोचलं. "ह्यो सायबाचा."

सकाळी उद्घाटन. गाव खरंच रिकामं होतं. मंडप, सतरंजी, खुर्च्या आणि तीन मान्यवर. कुसुमकाकू हार घालून बसल्या होत्या आणि मान खाली घालून हाराची फुलं मोजत असाव्यात. साहेब स्वावलंबनावर बोलले. विस्तार अधिकारी स्वावलंबनावरच बोलले. मग कलावतीनं ताट पुढं केलं.

"छान! लई छान!" साहेब पावाकडे बघून म्हणाले. "पर आज आमचा सोमवार."

विस्तार अधिकाऱ्यांना त्यांच्या गुरूंनी अमावस्या पाळायला सांगितली होती. मुख्याध्यापकांना सोमवारही नव्हता आणि गुरूही नव्हते, तेव्हा त्यांनी पोटावर हात ठेवला. मात्र साहेबांनी नमुना म्हणून बोर खोचलेला पाव कागदात बांधून घेतला, अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी एक घेतला आणि मुख्याध्यापकांनी मुलांना दाखवण्यासाठी एक. मग तिघेही घाईघाईनं निघून गेले.

मी संतापले होते. कलावती शांतपणे पाव टोपलीत भरत होती. "लोक येत न्हाईत तर आपुन जाऊ," ती म्हणाली. "येळवसेला शेतात आलेलं अन्न माघारी लावत न्हाईत. सायेब हे मातर खरंच इसरलं."

आम्ही शिवारात निघालो. अशी रानं मी पाहिली नव्हती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळलेली, हरभऱ्याच्या जागी ढेकळं. आणि तरीही प्रत्येक शेतात कोप, कोपीत पांढरे दगड, नवी लुगडी, पोरांचा दंगा. एक म्हातारा बांधाच्या कडेनं आंबील (ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं ताक) शिंपडत कानडी वळणाची आरोळी देत चालला होता. काहीच न उगवलेल्या जमिनीला तो जेवू घालत होता. माझे डोळे भरून आले, आणि ते मी चष्म्यावर ढकललं.

प्रत्येक कोपीत तेच झालं. "या, या, जेवा!" म्हणून आम्हाला बोलावलं. मला कोपीत बसवलं, कलावतीला आणि तिच्या शेजारणींना बांधावर. टोपलीतला पाव परत कोणी केला नाही. तसं करताच येत नव्हतं. पण घेणारा तो पानावर ठेवायचा, पान कोपीच्या कोपऱ्यात सरकवायचा आणि म्हणायचा, "मग खातो की." दुसऱ्या कोपीपासून मीही बांधावर बसले. भज्जी (डाळी, पालेभाजी आणि बेसनाची एकत्र शिजवलेली भाजी) आणि बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) तिथंही तितकेच चवदार लागतात.

शेवटची कोप चेअरमनसाहेबांची. आत तिन्ही उपासकरी मांडी घालून बसले होते. साहेबांच्या पानात उंडा होता, अधिकाऱ्यांच्या मिशीला आंबील लागली होती आणि मुख्याध्यापकांचं पोट पूर्ण बरं झालं होतं.

"साहेब, सोमवार?" मी विचारलं.

"त्यो गावातला, बाई," साहेब जराही न दचकता म्हणाले. "शिवारात शिवाराचा धरम पाळावा लागतो."

टोपली रिकामी झाली होती, पण माझं मन खचलं होतं. पाव संपले होते. खाल्ले कोणीच नव्हते.

दिवस कलला तसं गाव परतलं आणि ओट्यासमोर जमलं. साहेब गालाला उपरणं लावून बसले होते. डावा गाल चांगलाच सुजला होता. "दात जुनाच हाय," ते कोणी न विचारता म्हणाले. मग त्यांनी निकाल सांगितला. "टोपली रिकामी हाय, मान्य. पर संपलं म्हंजी खाल्लं असं न्हवं. कुनी कुनाला खाताना बगितलं का?"

माणसं आपापल्या वहाणांकडे बघू लागली. कलावती सरळ साहेबांकडे बघत उभी होती. तिच्या शेजारणीनं पदर डोळ्याला लावला. उद्यापासून पुन्हा खडी.

तेवढ्यात कुसुमकाकू घरातून आल्या. दिवसभरात त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. त्यांनी मूठ उघडली. "अवो, दाताचा तुकडा घावला तुमचा. माडीवर, अंतरुनाजवळ. अन् ही आठोळी बी तितंच हुती. कागुद बी हाय पावाचा." असं म्हणून त्या गर्दीतून पुढं आल्या आणि कलावतीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

साहेबांचा चेहरा सुजेसकट लाल झाला. "मग? आठोळ्या न काडता पाव करत्यात व्हय? ह्ये आरोग्य? आसला माल गावाला चारायचा?"

"नाही हं साहेब," मुख्याध्यापक भाबडेपणानं म्हणाले, "माझ्या पावात एकही नव्हती." बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

पण मागून एक पाटीलबुवा ओरडले, "आमच्यात बी न्हवती!"

"आमच्या पोरांनी चार खाल्लं, येक आठोळी न्हाय निगाली!"

"मऊ हुता गा! म्हातारीनं बिनदाताचा खाल्ला!"

विस्तार अधिकाऱ्यांनीही, तपासणीचा भाग म्हणून, आपल्या पावात दोष आढळला नसल्याचं सांगितलं. गर्दी हसायला लागली. माणसं एकमेकांकडे बघत होती. ज्यानं चोरी पकडायची, तोही चोरच निघाला होता. कलावती हसली नाही. तिनं हात पुढं केला. "किल्ली द्या, सायेब."

साहेबांनी गाल धरूनच किल्ली काढली.

दुसऱ्या दिवशी ती मला स्टँडवर सोडायला आली. माझं मन मला खात होतं. "कलावतीबाई, ती आठोळी माझ्याच हातून राहिली. तुमच्या बोरांत राहणं शक्यच नव्हतं."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "चष्मा पुसून बी तुमी निम्म्या आठोळ्या तशाच वाटीत टाकत हुता. म्हून तर वाटी येगळी दिली."

"मग फेकून द्यायची होती!"

"अन्न कुनी फेकतं व्हय? त्याचा येकच पाव झाला. वर बोर खोचलं, म्हंजी चुकून दुसऱ्याला जाऊ नये." एसटी आली. या वेळी माझ्याबरोबर भट्टी नव्हती. ती आता बायकांच्या खोलीत राहणार होती.

पुण्यात समितीला मी सविस्तर अहवाल दिला. प्रयोग यशस्वी, गावाचा प्रतिसाद उत्साहवर्धक, असं त्यात आहे. दाताचा उल्लेख नाही. हिवाळ्यात बोरं आली की मी तो पाव अजून करते. नवा चष्मा लावून एकेक आठोळी काढते, एक वाटी मात्र वेगळी, तशीच ठेवते. फक्त घरी आलेल्या पाहुण्यानं ताटाकडे बघून, माझ्या कामवाल्या बाईकडे बघून, "आज माझा उपास आहे" म्हटलं, की मी त्याला म्हणते, "राहू द्या, घरी न्या." आणि बोर खोचलेला पाव कागदात बांधून देते.