छापील चेहरा

चित्रकलेच्या वर्गात नलिनी माझ्या शेजारी बसायची. एका छापील चित्रावरून ती तांबड्या खडूने म्हातारीचा चेहरा उतरवत होती. सुरकुती न् सुरकुती जुळली होती. आम्ही कौतुकाने भोवती जमलो, तसे सरही आले.

"हुबेहूब," ते म्हणाले. नलिनी लाजून हसली. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि म्हातारीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत शांतपणे फिरवला.

"सुरकुती का पडते ते त्या चित्रकाराला कळलं होतं. तुला फक्त कुठे पडते ते दिसलं. आता समोर बघून काढ. माझाच चेहरा काढ."

ते स्टुलावर बसले. नलिनीने नवा कागद लावला, पण तिचा खडू टेकेचना. मला सरांची चीड आली. तरी त्यांचं म्हणणं खरं होतं. आपण बरंचसं दुसऱ्याने पाहिलेलंच गिरवत असतो, आणि ते कुणी पुसलं की समोरचा माणूसही दिसेनासा होतो. पण खरं सांगणाऱ्याला एवढी घाई का असते?

"जमत नाही, सर," नलिनी पुटपुटली.

"ठाऊक होतं मला," म्हणत सर उठले आणि माझ्याकडे वळले. मी दोन्ही हातांनी माझा कागद झाकला.