शर्यतीत जाळलेला कोळसा
हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दगडी कोळशाचा धूर नाकात गेला की रेवसची ती वाफेची लाँच आठवते. मी तिचा आगवाला होतो. त्या दिवशी एकजण आजारी बायकोला मुंबईच्या इस्पितळात नेत होता. शेजारचा शिडाचा मचवा पुढे निघाला, तशी मला ईर्षा चढली आणि मी भट्टीत कोळसा कोंबत सुटलो. "आरं, फुडं काय तुझी लुंगी जाळशील?" लाँच चालवणारा म्हातारा सारंग ओरडला. भर समुद्रात कोळसा संपला, लाँच ओहोटीबरोबर भलतीकडे वाहत गेली आणि धक्का दिसण्याआधीच ती बाई गेली. "कोळसा संपला कसा?" नवऱ्याने विचारलं. "सारंगानं कमी भरला," मी म्हणालो. सारंगाने तो दोष आपल्या अंगावर घेतला. त्याची नोकरी गेली. आता तो हयात नाही. त्या नवऱ्याला खरं सांगायचं मात्र अजून बाकी आहे.