कंप्युटरला दिलेला तेलाचा हात

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिच्यापासून लपवलं ते तुम्हाला का सांगतोय — माझं मलाच कळत नाही. शाळा माझी दुसरीत सुटली, लिहायला वेळ लागतो. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

मी तांडेल. होडीवर शब्द माझा, घरातही माझाच.

थोरल्या मुलाच्या पोरींना कंप्युटर हवा होता. तयार घ्यायची ऐपत नव्हती. माझा जावई प्रकाश, नांदगावचा, म्हणाला, सुटे भाग आणून मी जोडून देतो. तो हे काम नुकताच शिकलेला. वाडीतले दोघे-तिघे म्हणाले होते, तांडेलांचा कसा चालतो बघू, मग आमचाही सांगू. म्हणजे त्याचा धंदा आमच्या घरातून उभा राहायचा होता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

कणकवलीच्या दुकानात मी हट्टानं बरोबर गेलो. मला काय कळत होतं त्यातलं? पण वस्तू माझ्या नातींची आणि निवड जावयाची — कसं चालेल? मी एकेक पेटी उचलून बघितली. जड ती चांगली, इंजिन आपण तसंच घेतो. त्यानं साधी पत्र्याची पेटी घेतली, पडदा जुना, वापरलेला घेतला, आणि वाचलेले पैसे वीज सांभाळणाऱ्या भागात घातले.

"आमच्याकडे लाईट खेळता, मामानू. पेटी कशी दिसता ता बघू नकात, आत काय आसा ता बघा."

दुकानदार हसला. मला हसला की उगाच — कोण जाणे. मला लागलं.

येताना एसटीत मी म्हटलं, "आणि खारो वारो? नांदगावात दर्या खंय आसा? तुमका काय कळतला!"

"कापड घालून ठेवा, मामानू. तितक्या पुरे."

पुरे? खारं वारं लोखंड कसं खातं ते यानं मला शिकवायचं?

प्रकाशनं कंप्युटर जोडून दिला. मग एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी पेटीचे स्क्रू काढले आणि होडीला देतो तसा माशाच्या तेलाचा हात दिला. आतल्या हिरव्या पाटीला, खाचांना, पंख्याला. ब्रशनं, प्रेमानं — हो, प्रेमानंच. नातींची वस्तू टिकावी, आणि जावयापेक्षा मला जास्त कळतं हे एक दिवस दाखवावं. दोन्ही मनात होतं. पण माझा गुन्हा तो नाही. तो पुढे आहे.

थोडे दिवस चालला. मग धूळ चिकटून पंखा घरघरू लागला. एका संध्याकाळी धाकटी नात टाईप करत बसलेली, जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

प्रकाश आला, बरोबर शालू — माझी मुलगी. शेजारी जमले, ते दोघे-तिघेही. माझा मुलगा तडकला, "भावोजीनू, काय भंगार घातलात ह्येच्यात?"

प्रकाशनं पेटी उघडली. आत बोट फिरवलं, नाकाशी नेलं. बाकी कोणाला काही कळलं नाही — आमच्या घरात माशाचा वास वेगळा कोणाला येणार? त्यानं माझ्याकडे बघितलं. सासऱ्याला चारचौघांत उघडं कसं पाडायचं? मीच सांगेन म्हणून थांबला.

आणि मी काय बोललो?

"स्वस्तातला भंगार आणून आमच्या माथ्यार मारल्यानी. जावय म्हणान विश्वास ठेवलो!"

त्यानं बोट आपल्याच शर्टाला पुसलं. शालूला म्हणाला, "चल गो."

वाडीत त्याला कोणी काम दिलं नाही. बोलणं नांदगावपर्यंत पोचलं, तिथलंही गेलं. आता वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात पोती उचलतो. त्यानं शालूला सांगितलं असेल का? नसावं. सांगितलं असतं तर ती भांडायला तरी आली असती. ती आलीच नाही — ना चवथीला, ना शिमग्याला. नवऱ्याला लबाड ठरवलेल्या घरात कशाला येईल?

मी जाऊ शकलो असतो. नांदगाव काय, वेंगुर्ला काय, लांब थोडंच आहे? दर चवथीला ठरवायचो, आणि अंगणात बसून राहायचो.

मग बायको आजारी पडली. शालूसाठी झुरत होती. शेवटी शेवटी आवाज खोल गेला होता, तरी माझा हात धरून म्हणाली, "जावयाक माफ करा आता. चुकलो तो. शालूक येवंदे."

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच. तोंड कोणी धरलं होतं माझं?

मी म्हटलं, "केलंय गो माफ."

ती समाधानानं हसली. शालू पोचेपर्यंत ती गेली होती.

तिरडीला खांदा द्यायला प्रकाश आला. सगळा गाव बघत होता. मी पुढे झालो आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागून कोणीतरी म्हणालं, "तांडेल कडक, पण मनान मोठो."

प्रकाशनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

मी हात काढला नाही.