हँडलला टांगलेला डबा

सबस्टेशनात मी ऑपरेटर, आणि धीर हा प्रकार माझ्या अंगात नाही. निमगाव सावाला वीज नेणाऱ्या फीडरचा वायरमन नेमका उलटा. मी त्याची लाईन बंद केली की तो आपला जेवणाचा डबा त्या ब्रेकरच्या हँडलला टांगायचा. डबा तिथं आहे तोवर तो खांबावर आहे, हा त्याचा कायदा. वर लाईन बंद असली तरी चुकून आलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून साखळीचं एक टोक जमिनीला जोडून, मग तिन्ही तारांना ती अडकवल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. त्यात अर्धा तास जायचा आणि इकडं फोनवर लोक माझा जीव खायचे.

"मेलेल्या तारेला कशाला बांधता, भाऊ?" मी चिडवायचो.

"मेलेलीच उठून बसती, राव," तो म्हणायचा.

त्या दिवशी दोन फीडर बंद होते. बिबट्याच्या भीतीनं रात्री पाणी कुणी भरत नाही, त्यामुळं दिवसाची लाईट गेली की फोनची नुसती बोंबाबोंब. "लाईट कवा येनार? कांदा वाळून चाललाय आमचा!" त्यात डब्यातलं कालवण गळायला लागलं. पॅनेलवर ओघळ नको म्हणून डबा काढला आणि टेबलावरच्या लॉगबुकावर ठेवला. पुसून परत टांगू म्हटलं, तेवढ्यात दुसऱ्या फीडरवरून फोन आला, "काम झालं, सोडा लाईन."

दोन्ही पॅनेल शेजारी-शेजारी. डबा असलेलं त्याचं, नसलेलं दुसरं. पाटी वाचायची सवय माझी कधीच सुटली होती. समोर रिकामं हँडल दिसलं, फिरवलं.

धाड! ब्रेकर त्याच क्षणी आपोआप परत पडला, लाईन पुन्हा बंद. मी वर पाहिलं. पाटीवर निमगाव सावा.

त्याला फोन लावला, नुसती रिंग. परत लावला. खोलीत येरझाऱ्या घातल्या, देव आठवले, स्वतःला शिव्या घातल्या. माणूस मारला मी, एवढंच डोक्यात. मधेच काय सुचलं कुणास ठाऊक, डबा उचलून परत हँडलला टांगला. त्या चोरीची मला आजही लाज वाटते.

अर्ध्या तासानं त्याची गाडी वाजली. खांद्यावर साखळी, तिचा एक चिमटा जळून काळा पडलेला. मला रडूच फुटलं.

त्यानं हँडलवरचा डबा पाहिला. मग टेबलाशी आला. लॉगबुकाच्या पानावर कालवणाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. त्यावर त्यानं बोट ठेवलं.

"चुकलो, भाऊ," मी म्हणालो. "डबा मी काढला व्हता."

त्यानं हँडलवरचा डबा काढून उघडला. भाकरी मोडली, निम्मी माझ्यापुढं सरकवली. त्यानं सावकाश जेवून डबा धुतला, कोठीतून दुसरी साखळी काढली आणि रिकामा डबा पुन्हा त्याच हँडलला टांगला.

"काम ऱ्हायलंय," म्हणाला. "जातो वर."

तो परत येईपर्यंत मी त्या डब्यापुढं उभा होतो. फोन वाजत होता. उचलला नाही.