द्वारकेच्या कॉलेजात शिकलेलं वरण

"बाबा, तुम्ही तिथे एकटे खाणार काय?" मुलाच्या, प्रशांतच्या, या एका प्रश्नापायी मी दिल्लीला गेलो. ही, म्हणजे माझी बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं. खानावळीचा डबा पोटाला मानवत नव्हता. मी रेल्वेत गार्ड होतो. ड्युटीवर असताना रनिंग रूममधल्या, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीगृहातल्या, खानसाम्याच्या हातात डाळ-तांदूळ द्यायचे, आंघोळ करून येईपर्यंत ताट तयार. बाकीचे दिवस घरी हिच्या हातचं. त्यामुळे चहापलीकडे माझी कधी मजल गेली नाही. मुलाचं म्हणणं सरळ होतं. भुसावळचं घर विकायचं आणि कायमचं द्वारकेला यायचं. मी म्हटलं, आधी बघून येतो. मनातून मला घर विकायचं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो.

ही द्वारका समुद्राकाठची नव्हे, दिल्लीच्या विमानतळाजवळची. कोणाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी टाळा, धुक्यात गाड्या मथुरेपुढे रखडतात. मी फेब्रुवारीत गेलो. निजामुद्दीनला उतरून प्रीपेड रिक्षाने प्रगती मैदान आणि तिथून मेट्रो, हा स्वस्त आणि सोपा मार्ग. टॅक्सीवाले मागे लागतात, त्यांच्याकडे बघायचंही नाही. मेट्रो अगदी नवीकोरी होती. दारं आपोआप मिटली आणि गाडी सुटली. शिट्टी नाही, हिरवा झेंडा नाही. माझ्या खात्याचा माणूस काही मला दिसला नाही. थोडं वाईट वाटलं.

द्वारकेत पत्ता शोधणं हे एक वेगळंच काम आहे. सेक्टर सहाच्या शेजारी सेक्टर दहा, हा हिशेब कोणी केला कोण जाणे. सगळीकडे उंच सोसायट्या, गेटवर वही घेऊन बसलेला गार्ड (नावाचाच गार्ड, आमच्यातला नव्हे), आत रांगेने नव्या मोटारी. प्रशांत गुडगावच्या कंपनीत जायला सकाळी निघे तो दिवेलागणीनंतर परत. सून अदिती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, तिचे वडील केंद्र सरकारात होते. तिचं मराठी चांगलं आहे, पण सांडशीला ती 'ते पकडायचं' म्हणते. तीही नोकरी करते. दिवसभर मी आणि बाल्कनी.

चार-सहा दिवसांत माझा चेहरा बघून अदितीनेच तोडगा काढला. "बाबा, सेक्टरमध्ये कम्युनिटी कॉलेज आहे. चलो, बघून तर येऊ. तुमचा टाइमपास होईल, इथे मन लागेल." एका शाळेच्या इमारतीत, शाळा सुटल्यावर हे कॉलेज भरतं. एसी दुरुस्ती, ब्यूटी पार्लर, संगणकावरचा जमाखर्च, बोलायचं इंग्रजी आणि 'घरगुती स्वयंपाक, भाग एक'. कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळची बॅच, विद्यार्थ्यांसाठी रविवारची. एखादा वर्ग बुडाला तर दुसऱ्या बॅचमध्ये बसून भरून काढायचा. भाग एक करून थांबलात तरी चालतं, पुढेमागे परत आलात तर तिथूनच पुढे सुरू. मार्कशीट कोणी मागत नाही. फी प्रशांतने भरली. मॉलमध्ये तिघं एकदा जेवलो की जेवढे जातात, साधारण तेवढीच.

मी काउंटरवर विचारलं, "मेरी उम्र चलेगी?"

"अंकल, फॉर्म में उम्र का कॉलम है, लिमिट नहीं है," तिथली मुलगी म्हणाली.

आमच्या मल्होत्रा मॅडम पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "यहाँ कोई साहब नहीं, सब प्याज़ काटेंगे." कापला. माझ्या ओट्यावर जोडीला लातूरचा इमरान होता, यूपीएससीची तयारी करणारा. मेसच्या जेवणाने पोट बिघडून त्याची एक परीक्षा हुकली होती. मराठी ऐकल्यावर तो एकदम खुलला. "काका, यार, मौर्यांचा महसूल पाठ आहे, पण भाताला पाणी किती ते येत नाही." त्याची टेस्ट असली की तो संध्याकाळऐवजी रविवारी येई. मग मीही एक-दोनदा रविवारी गेलो. त्या नादात कुतुबमिनार राहिला, लाल किल्ला बाहेरून पाहिला. दिल्लीदर्शनाची माहिती हवी असणाऱ्यांनी दुसरा कोणाचा तरी ब्लॉग वाचावा.

भाजी जमली, वरण जमलं. पोळी मात्र काही केल्या ऐकेना. शेवटच्या प्रात्यक्षिकाला माझ्या पोळ्या तव्यावरच फाटल्या आणि मॅडमनी मान हलवली. "कोई बात नहीं, अंकल. मार्च के आख़िर में संडे बैच के साथ दोबारा दे दीजिए."

घरी सांगितलं तर प्रशांत हसला. "असू दे हो बाबा. पोळ्यांना बाई आहेच. आता इथेच राहायचंय ना तुम्हाला!" मायेनेच बोलला, पण मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी पिठाची पिशवी घेऊन आलो आणि दुपारभर, घरात कोणी नसताना, लाटत बसलो. फाटलेल्या पोळ्या खाली पार्कातल्या गाईने खाल्ल्या. तिने तक्रार केली नाही.

दुसऱ्या खेपेला पास झालो. इमरान आधीच झाला होता, तरी मुद्दाम बघायला आला आणि माझी पोळी फुगली तेव्हा माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला.

त्या रविवारी संध्याकाळी घरी स्वयंपाक मी केला. वरण, भात, पोळ्या आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. मॅडम त्यात टोमॅटो घालतात. मी आमच्या खानदेशी पद्धतीने हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातली. अदिती "बिल्कुल आईंसारखं" म्हणाली. तसं नव्हतं, पण बरं वाटलं. प्रशांतने दुसरी पोळी घेतली, तिसरी घेतली, आणि मग ताटाकडे बघतच म्हणाला, "म्हणजे बाबा, तुम्ही निघालात."

"हो," मी म्हटलं.

अदितीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी तर तुम्ही थांबावं म्हणून नाव घातलं होतं," ती म्हणाली आणि उठून पाणी आणायला गेली. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले मला दिसले. माझेही काही कोरडे नव्हते.

परतीच्या गाडीत डब्यात माझ्याच हातच्या पोळ्या होत्या. इटारसीपर्यंत पुरल्या.

भुसावळला येऊन आता महिना झाला. विचाराल दिल्लीतलं काय लक्षात राहिलं, तर पिवळ्या दिव्यांचे रस्ते नाहीत, मेट्रोही नाही. राहिलं ते मॅडमचं माप. वर्गात सगळं चौघांच्या मापाने शिकवलं. एकट्याचं माप काही त्यांनी सांगितलं नाही आणि तेव्हा मलाही विचारायचं सुचलं नाही. डाळ कमी घेतली की मीठ चुकतं, पाणी चुकतं. म्हणून मी चौघांचंच लावतो. ते उरतं.

प्रशांतचा फोन रोज येतो. पूर्वी विचारायचा, खाणार काय? आता विचारतो, केलं काय?

परवा मी म्हटलं, "वरण केलंय. जरा जास्तच झालंय."

"किती जास्त?"

"तू आणि अदिती असतात तर उरलं नसतं."

पलीकडे त्याने अदितीला हाक मारली आणि शुक्रवारच्या गाडीला जागा आहे का बघायला सांगितलं.