मोठ्याने वाचलेली बिलं

ऑफिसात बिलांच्या टेबलावर वीस वर्षं बसलं की किस्से आपोआप साचतात. आपण काही करायचं नसतं. कान उघडे ठेवायचे आणि तोंड बंद. मला त्यातलं पहिलं जमलं.

विश्रांतवाडीला आमची मशिनचे पार्ट बनवणारी कंपनी आहे. डॉक्टरची फी आधी आपण भरायची, पावती सबनीस मॅडमकडे म्हणजे माझ्याकडे द्यायची, मी ती इन्शुरन्सला पाठवणार, पैसे पगारात परत. समुपदेशनाची फीसुद्धा यात बसते. माझी पद्धत अशी, की मी पावती मोठ्याने वाचायची आणि शेजारी बसून नीता टाइप करायची. हॉलमध्ये पंधरा माणसं. कुणाची दाढ, कुणाची मूळव्याध, सगळ्यांना सगळं ठाऊक. घरी जेवताना मी तेच रंगवून सांगायची.

आता माझी मुलगी मृण्मयी सहा महिने झाले समुपदेशनाला जाते आहे. मला तिने तसं सांगितलं, कुठे जाते तेही सांगितलं. माझ्या पॉलिसीत तिचं नाव आहे. पण फी ती शिकवण्या घेऊन स्वतःच भरते आणि पावती मला देत नाही. का देत नाही, हे विचारायला मला तोंड नाही. तेव्हापासून हे किस्से हसत सांगता येत नाहीत. तरी सांगते.

*

स्टोअरमधले पाठक दर बुधवारी चार वाजता डेंटिस्टकडे जायचे. महिना नाही, दोन महिने नाही, चांगलं दीड वर्ष! एकदा मी भर हॉलमध्ये म्हटलं, "अहो पाठक, माणसाला दात बत्तीसच असतात ना? तुमचे अजून संपले नाहीत?" सगळे हसले. पाठकही हसले, आणि डबा उचलून गेले.

त्यांचं एकही बिल माझ्याकडे आलं नाही, याचं मला कौतुक वाटायचं. म्हटलं, स्वाभिमानी माणूस.

ते रिटायर झाल्यावर त्यांच्या मिसेस मला मंडईत भेटल्या. मटार निवडता निवडता सहज म्हणाल्या, की धाकटा भाऊ गेला तेव्हापासून हे समुपदेशनाला जायचे. मी म्हटलं, अहो, मग पैसे मिळाले असते की! तर म्हणाल्या, "हो, पण तुमच्याकडे मोठ्याने वाचतात म्हणे." ते मीच वाचते, हे त्यांना माहीत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, मग दातांचं काय?

"दात? एकदम ठणठणीत आहेत!"

*

डिझाइनच्या निखिलने पावती आणली. मी वाचलं, "थेरपी." नीताने विचारलं, कसली? मी तिथूनच ओरडले, "निखिल, कसली रे थेरपी? पाठीची का?"

सगळ्या माना वळल्या. निखिल म्हणाला, "हो, पाठीचीच."

झालं. नीताने गावाहून तेल आणलं. साहेबांनी खास खुर्ची मागवली. बिचाऱ्याने आठ महिने कमरेला पट्टा बांधला, ऐन मे महिन्यातही. मध्येच इन्शुरन्सने क्लेम परत पाठवला, की पावती समुपदेशकाची आणि कारण पाठीचं, हे कसं? मी त्याला बोलावलं. तो हळूच म्हणाला, "राहू द्या मॅडम, मी माझं भरतो." नंतर त्याने पावती कधीच आणली नाही. पट्टा मात्र नोकरी सोडेपर्यंत होता.

*

डिस्पॅचच्या वैशालीने पावतीचा वरचा भाग कात्रीने कापून आणला होता. डॉक्टरचं नाव नाही, पत्ता नाही, नुसता आकडा आणि सही. मी म्हटलं, बाई, असं चालत नाही, वरचा तुकडा आण. दुसऱ्या दिवशी तिने पाकिटात घालून तो आणला. मी पाकीट उघडलं आणि सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन शब्द वाचून झाले तेव्हा वर पाहिलं. तिने तुकडा पाकिटासकट माझ्या हातातून काढून घेतला होता. भांडली नाही, काही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

*

मग आमचे साहेब. त्यांनी सगळ्यांना जमवून भाषण केलं, की मन हाही शरीराचाच भाग आहे, लाजायचं काय त्यात, बिलं बिनधास्त द्या! टाळ्या झाल्या. हॉल रिकामा झाल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आधी पंख्याकडे पाहिलं, मग नीताच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"सबनीस बाई, मिसेसचं एक बिल आहे. ते तुम्ही मनातल्या मनात वाचू शकाल का?"

मी वाचलं. सहज जमलं. म्हणजे वीस वर्षं जमलं असतं, ही शरम मला अजून पुरते आहे.

मृण्मयीचं कळल्यापासून मी सगळीच बिलं मनात वाचते आणि नीतासमोर सरकवते. हॉलमध्ये विचारतात, मॅडम, घसा बसलाय का? मी हो म्हणते.

*

परवा मी येरवड्याला मृण्मयीच्या क्लिनिकमध्ये गेले. म्हटलं, गुपचूप तीन महिन्यांची फी भरून टाकू. काउंटरवरच्या बाईंना नाव सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "या नावाचं कोणी इथे येतं की नाही, ते मी सांगू शकत नाही."

मी म्हटलं, अहो, मी आई आहे तिची. आधार कार्ड काढून दाखवलं.

"असाल. तरी नाही सांगता येणार."

मला आधी राग आला आणि मग इतकी लाज वाटली, की पर्स बंद करायचंही सुचेना. तेवढ्यात आतलं दार उघडून मृण्मयीच बाहेर आली. मला पाहून थबकली. मी आता मोठ्याने वाचत नाही, हे तिला सांगायचं होतं. पण बाकावर तीन माणसं बसली होती आणि माझा आवाज हा असा. मी पर्स बंद केली.

तिने फी भरली. बाईंनी पावती फाडली आणि हातातच धरून ठेवली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"आई आहे माझी," मृण्मयी म्हणाली. "तिच्यासमोर दिलीत तरी चालेल. फक्त घडी घालून द्या."