सामनेवाल्याची खुर्ची

गावडेबाईंच्या कांदिवलीतल्या ऑफिसात अशिलांसाठी दोन खुर्च्या होत्या. एक गादीची आणि दुसरी निळी, प्लास्टिकची, एक पाय किंचित आखूड असलेली. आपली हकीकत गादीच्या खुर्चीत बसून सांगायची. ती संपली की बाई पेनाने निळ्या खुर्चीकडे बोट दाखवल्यासारखं करत आणि म्हणत, "आता तिकडे बसा. ती सामनेवाल्याची खुर्ची. हेच सगळं त्याच्या तोंडून सांगा." कोर्टाच्या मराठीत ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो तो सामनेवाला. सासूवर केस करायला आलेली सून असो की भावाला कोर्टात खेचायला निघालेला भाऊ, प्रत्येकाला त्या डुगडुगत्या खुर्चीत बसून समोरच्याची बाजू मांडावी लागे. निम्मे अशील तिथूनच उठून घरी जात. बाईंची वकिली त्यामुळेच चालली नाही असं लोक म्हणायचे. बाई मूळच्या मालवणच्या. त्या म्हणायच्या, "जे उठान गेले, तेंची केस मिटली."

मी त्यांच्याकडे गेलो तो अमेरिकेतला घटस्फोट काखोटीला मारून. तिथल्या कोर्टाचा हुकूमनामा, त्यावर सोनेरी शिक्का. तो मळू नये म्हणून बोरिवली स्टेशनबाहेर लॅमिनेट करून घेतलेला. अकरा वर्षं तिथे सॉफ्टवेअर लिहून मी परतलो होतो आणि शिक्का असलेला कागद जगात कुठेही चालतो अशी माझी ठाम समजूत होती. अंधेरीच्या अनघाशी लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत तो कागद विवाह नोंदणी अधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि इथल्या कोर्टाकडून काहीतरी आणा म्हणाले. मी त्यांना अमेरिकेची न्यायव्यवस्था समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे पुढच्या जोडप्याला आत बोलावलं. म्हणजे इथल्या दप्तरी मी अजून वैशालीचा नवराच होतो, आणि तसाच बोहल्यावर चढलो असतो तर गुन्हेगार ठरलो असतो. परतताना रिक्षात अनघा एवढंच म्हणाली, "मी थांबेन नितीन, पण वर्षानुवर्षं नाही."

गावडेबाईंनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. पहिला प्रश्न विचारला तो लॅमिनेशन कुणाच्या सल्ल्याने केलं हा. मी माझ्याच, म्हणालो. "वाटलाच माका," असं म्हणून त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "ह्यो हयसर चलाचो नाय." मग शुद्ध मराठीत त्यांनी कारणं सांगितली. ज्या कोर्टाने हा हुकूम दिला तिथे वैशाली कधी हजर नव्हती. तिचं म्हणणं कुणी ऐकलं नव्हतं. आणि आमचं आता जुळणार नाही, एवढ्या कारणावर आपल्याकडची कोर्टं एकाच्या सांगण्यावरून लग्न मोडत नाहीत. मी म्हणालो, नोटीस रीतसर पाठवली होती, मुलुंडच्या पत्त्यावर ती पोचल्याची सहीसुद्धा माझ्याकडे आहे. मी फोल्डर उघडायला लागलो, तोवर बाईंचं पेन निळ्या खुर्चीकडे वळलं होतं.

मी तिथे जाऊन बसलो. "मी वैशाली," असं म्हणालो आणि स्वतःच हसलो. बाई हसल्या नाहीत. मी पुढे सांगितलं की लग्नानंतर मी नितीनबरोबर अमेरिकेला गेले, चौथ्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला म्हणून मुलुंडला आले आणि मग परत गेले नाही. बाईंनी विचारलं, का नाही गेलात? मला येईना. नितीनच्या तोंडी याचं उत्तर पाठ होतं, की तिला माहेर सोडवत नव्हतं. पण वैशालीच्या तोंडी काय घालावं ते सुचेना. बरं, नोटीस मिळाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं? तेही येईना. कॉलेजातली तोंडी परीक्षा मी याहून बरी दिली होती. बाईंनी मला बराच वेळ तसंच डुगडुगत ठेवलं.

"अरे मेल्या," त्या अखेर म्हणाल्या, "तू कधी तिका इचारलंस काय?"

मार्ग दोन होते. अमेरिकेचा हुकूम इथे मान्य व्हावा म्हणून दावा लावायचा, त्यात वैशालीला सामनेवाली करायचं, आणि बहुधा हरायचं. नाहीतर दोघांनी मिळून, संमतीने, इथेच नव्याने अर्ज करायचा. मला दुसरा मार्ग पटला. मी बाईंना म्हणालो, मग तिला तशी एक नोटीस पाठवा. मी असाच माणूस आहे. बाईंनी कपाळावर हात मारला आणि फोन करायला सांगितलं. दोन दिवस मी बोलण्याचा मसुदा करत होतो, मुद्द्यांना क्रमांक घालून. प्रत्यक्षात वैशालीने फोन उचलून "बोल" म्हटलं आणि मला पहिला मुद्दाही आठवेना.

मुलुंडला एका उडप्याकडे आम्ही भेटलो. नोटिशीचं काय झालं ते मला त्या दिवशी कळलं. पाकीट तिच्या आईच्या हातात पडलं होतं. अमेरिकेहून आलेलं, जाडजूड, सही घेऊन दिलेलं. आईंना वाटलं, लेकीचे परत जायचे कागद आले. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. चतुर्थीला लेकीच्या हाती द्यायचं असा त्यांचा बेत होता. चतुर्थीच्या आधीच वैशालीचे वडील गेले. सुतकात देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, म्हणून पाकीट तिथेच राहिलं. तेराव्यानंतर उघडलं तेव्हा उत्तराची मुदत संपत आली होती. वडील गेल्याचं मला एका व्हॉट्सॅप ग्रुपवर कळलं होतं आणि मी तिथे हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. माझ्या फोल्डरमध्ये ती पोचपावती मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मग उत्तर का नाही दिलंस?" मी तरीही विचारलं.

"चौदाव्या दिवशी वकील शोधणार होते का रे मी?" वैशाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

ती सही करायला तयार होती. अट एकच, आईला तू स्वतः सांग. इंग्रजी कागदाने मोडलेलं लग्न काही खरं मोडत नाही, असं आई अजून शेजारणींना ठासून सांगत होत्या. मी परदेशी राहून आलेला, हुकूमनामा बाळगणारा, आणि कायद्याने बरोबर निघाल्या त्या.

मी गेलो. आईंनी आधी चहा टाकला. मी मराठीत, मसुद्याशिवाय सांगितलं की मी वैशालीकडे परत येणार नाही, हे पूर्वीच तुमच्यासमोर बसून सांगायला हवं होतं, माझं चुकलं. त्या कपाच्या कानाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नितीनराव, पाकिटाऐवजी फोन केला असतात, तर हे आजारी किती आहेत ते तरी तुम्हाला सांगितलं असतं."

बाईंनी अर्ज मराठीत लिहिला. तो वैशालीच्या आईंना घरी जाऊन वाचून दाखवला, मगच दाखल केला. त्यात अर्जदार क्रमांक एक वैशाली होती, अर्जदार क्रमांक दोन मी. मला पहिलं का नाही घेतलं, असं मी गमतीने विचारलं, तर म्हणाल्या, "तू अमेरिकेच्या कोर्टात एकदा पयलो जावन इलस मां?" जज्जसाहेबांनी दोघांना एकच प्रश्न विचारला, संमती स्वखुशीची आहे ना, आणि या वेळी तो दोघांनाही ऐकू गेला. काही महिन्यांनी हुकूम हातात पडला. अनघा थांबली होती. त्याच अधिकाऱ्यांपुढे आमचं लग्न लागलं. बाई आल्या, जेवल्या, सोलकढी पातळ झाली असं आचाऱ्याला सांगून गेल्या.

त्यानंतर वर्षातून एकदा मी त्यांच्याकडे जायचो; वैशालीच्या आईंचं तर त्यांच्याशी जाणंयेणंच सुरू झालं होतं. मागच्या वर्षी कामाच्या गडबडीत राहून गेलं. त्याच गडबडीत एका दुपारी फोन वाजला. वैशालीचा नंबर पाहून मला आधी वाटलं, कागदांत काहीतरी राहिलं.

"नितीन, बसला आहेस ना?" तिने विचारलं. "गावडेबाई गेल्या रे. पहाटे, झोपेत. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून केला."

मला हुंदका आवरेना. पलीकडे तिने फोन तसाच धरून ठेवला. माझं रडणं संपलं, तेव्हा तिने दहनाची वेळ सांगितली आणि मगच फोन ठेवला.